‘झालं’ म्हणजे कोणी केलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

‘पूल कोसळून तीन मजूर ठार’ अशा हेडलाइन तुमच्या पेपरात, आणि खरं तर सगळ्याच पेपरांत येतात त्याबद्दल लिहायचं होतं. बातमी खोटी असते असं नाही, तक्रार ती नाहीच. माझ्या पुतणीचा एम.ए.ला बातम्यांच्या भाषेवर प्रोजेक्ट होता म्हणून महिनाभर आम्ही दोघी कात्रणं काढत बसलो, आणि तिने वहीत एक रकाना आखला होता, ‘कोणी केलं?’ म्हणून. लाठीमार झाला, फाइल गहाळ झाली, औषधं संपली, झाडं तुटली. महिन्याच्या शेवटी तो रकाना बघितला तर पानंच्या पानं कोरी.

मराठीत हे किती सहज होतं बघा ना. पडणं आणि पाडणं, मरणं आणि मारणं, जळणं आणि जाळणं, सगळा एका कान्याचा फरक, आणि तो काना गेला की करणारा माणूसच वाक्यातून गेला.

तीच पुलाची हेडलाइन आम्ही ओळखीतल्या तिघांना दाखवली. भाषा शिकवणाऱ्या बाईंनी लगेच क्रियापदावर बोट ठेवलं, हे अकर्मक आहे, पाडलं कोणी ते सांगावंच लागत नाही, म्हणाल्या. इंजिनिअर म्हणाला पूल असा उगाच कोसळत नाही, शेवटची तपासणी कधी झाली ते आधी सांगा. वकीलबाई म्हणाल्या आरोपपत्रात असं वाक्य चालायचं नाही, तिथं कोणीतरी काहीतरी केलं किंवा करायचं टाळलं असंच लिहावं लागतं. तिघांचंही खरं, पण एकेकट्याचं अर्धंच, तिघं एका टेबलाशी बसले तेव्हा कुठे आम्हाला त्या चार-पाच शब्दांत काय काय दडलंय ते दिसलं. डिस्कोर्सचा, म्हणजे भाषा प्रत्यक्षात कशी वापरली जाते आणि त्यातून काय सांगितलं किंवा लपवलं जातं याचा अभ्यास म्हणतात तो हाच, आणि तो एका विषयाच्या खोलीत बसून होत नाही असं माझं ठाम मत झालंय.

शब्दाने एवढा काय फरक पडतो असं वाटत असेल तर १९७४ मधला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग बघा. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. ‘जोरात आदळल्या तेव्हा’ असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या वर वेग सांगितला, ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलेल्यांनी ३२ च्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात वेगळ्या लोकांना अशीच फिल्म दाखवून, वेग विचारून, आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’वाल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साध्या ‘धडकल्या’वाल्या ५० पैकी ७ जण. हे मानसशास्त्राचं काम झालं. भाषेच्या बाजूने टोनी ट्रू यांनी १९७५ च्या सॅलिसबरी (आताचं झिम्बाब्वेतलं हरारे) इथल्या गोळीबाराच्या ब्रिटिश बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एका पेपरची हेडलाइन पोलिसांपासून सुरू होत होती, दुसऱ्याची दंगल करणाऱ्या काळ्या लोकांपासून, आणि पोलीस मागे. घटना एकच! पेपर वाचणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय उरतं हे कळायला मला ही दोन्ही कामं एकत्रच हवीत.

रात्री उशिरा बातमी देणाऱ्या रिपोर्टरला करणारा कोण ते माहीत नसतं, मान्य. नाव घाईने घेऊच नये, एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. पण ‘पूल कोणी बांधला, कोणी तपासला हे अजून कळलेलं नाही’ एवढं एक वाक्य तर लिहिता येतं, म्हणजे निदान वाचणाऱ्याला कळतं की विचारायचं काहीतरी शिल्लक आहे.

आणि एक विनंती, जुने अंक हेडलाइनसकट सर्च करता येतील असे अभ्यास करणाऱ्यांना खुले करा, आणि फक्त भाषेच्या विद्यार्थ्यांना नको, कायदा, इंजिनिअरिंग, समाजशास्त्र सगळ्यांना. पुतणीला त्या पुलाची पहिल्या दिवशीची बातमी तीन पेपरांत मिळाली. चौकशीचं पुढे काय झालं, ते कात्रण मात्र आम्ही अजून शोधतोय.

आपली,
एक नेहमीची वाचक