लिंबोणीचं रोप पाठवतेय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई त्यांना सांगेपर्यंत मी काय सांगत होते तेच विसरते, म्हणून म्हटलं यावेळी सरळ पत्रच लिहावं. टाईप करून मोठ्या अक्षरात प्रिंट काढतेय म्हणजे बाबांना भिंगाशिवाय वाचता येईल. भिंग जपून ठेवा मात्र, शेवटी त्याचं काम आहे.

आई, तू दर वेळी पहिला प्रश्न विचारतेस तो आधी संपवते. मोगरा छान आहे, तू जाताना लावलेल्या फांद्यांपैकी तीन जगल्या. सदाफुली कुठेही उगवते, फरशीच्या फटीतसुद्धा, आणि मी ती उपटत नाही. तुझा पिवळा गुलाब मात्र गेला. कुंडीचं खालचं भोक मातीने बुजलं होतं ते मला कळलंच नाही, पाणी साचून मुळं कुजली. सांगायचा धीर होत नव्हता म्हणून इतके दिवस फोनवर टाळत होते.

आता खरी गोष्ट. लिंबोणीवर अळ्या आल्या. पहिल्यांदा धाकट्याने बघितल्या, म्हणजे त्याला वाटलं पक्ष्याने घाण केलीय पानावर, काळपट-पांढरट, ओलसर. त्याने काडी लावली तर ती हलली! मग आम्ही दोघं खाली बसून पान पान बघत सुटलो, ११ सापडल्या. कोवळी पालवी जवळजवळ निम्मी खाल्लेली होती आणि खरं सांगते माझा हात आधी औषधाच्या बाटलीकडेच गेला. पण गेल्या वर्षीची जास्वंद आठवली.

ते तुम्हाला नीट कधी सांगितलं नव्हतं. जास्वंदीच्या कळ्यांवर मावा पडला होता, चिकट, मुंग्यांच्या रांगा लागलेल्या, आणि त्यात काळे, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांचे बारीक किडेही फिरत होते. मला वाटलं हेही रोगच, आणि सगळ्यावर औषध मारलं. दोन आठवड्यांत मावा परत आला, पहिल्यापेक्षा दाट. नंतर कळलं की ते काळे किडे म्हणजे लेडीबगची पिल्लं होती, मावा खायलाच आलेली. मावा काय, माद्या नराशिवायच भराभर पिल्लं घालतात, त्यामुळे थोडा उरला तरी पुन्हा झाड भरून टाकतो, त्याला खाणारे मात्र इतक्या लवकर परत येत नाहीत. म्हणजे जे माझं काम फुकट करत होते त्यांनाच मी मारलं. फार वाईट वाटलं होतं बाबा. तुम्ही कुठल्याही झाडाला काही झालं की "दोन दिवस बघू" म्हणायचात आणि खरंच सकाळ-संध्याकाळ नुसते उभे राहून बघायचात, आणि मला लहानपणी वाटायचं बाबांना कंटाळा आलाय काम करायचा. ते दोन दिवस कशासाठी असायचे ते आता कळतंय.

तर यावेळी मी दोन दिवस बघितलं. मग दोनाचे चार, चाराचे दहा. अळ्या कात टाकत मोठ्या झाल्या, आणि शेवटची कात टाकल्यावर एकदम हिरव्यागार, पानातून वेगळ्या ओळखूच येईनात. हात लागला की डोक्यामागून लालसर, मऊ, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर यायचं आणि एक उग्र वास, थोडा लिंबासारखाच पण कुजका. थोरली नाक धरून पळायची आणि दोन मिनिटांनी परत यायची.

त्यातल्या सगळ्या जगल्या नाहीत. कुंपणाच्या वेलीत बुलबुलाचं घरटं होतं, त्यात दोन पिल्लं, आणि बुलबुलाची जोडी दिवसभर चोचीत काही ना काही घेऊन जायची. एका सकाळी धाकट्याच्या डोळ्यासमोर त्याची "नंबर ६" गेली. खूप रडला. मला काय सांगावं कळेना, तुमचे जावई त्याला उचलून वेलीजवळ घेऊन गेले आणि लांबूनच दाखवलं, दोन उघड्या चोची, आतून लालभडक, आणि ती अळी त्यातल्या एकीत जाताना. तो गप्प झाला. रात्री झोपताना म्हणाला, मग आपण बुलबुलाची पिल्लं पण मोजायची का. आता मोजतो आम्ही. दोन्ही उडाली, परवा जांभ्या दगडाच्या कठड्यावर बसून आईकडे अजून खायला मागत होती, अंगाने जवळजवळ आईएवढी झालीयेत तरी.

शेवटी चार अळ्या राहिल्या. त्यातल्या दोन कुठे गेल्या कळलं नाही, कोश करायच्या आधी त्या खाणं सोडून भटकायला लागतात. एक फांदीवरच थांबली, एक चक्क पाण्याच्या नळाच्या पाईपवर. आणि आई, गंमत बघ, फांदीवरचा कोश हिरवा झाला आणि पाईपवरचा तपकिरी. कमरेभोवती रेशमाचा एकच बारीक धागा, त्याला मागे रेलून बसल्यासारखा कोश. पाईपवाल्यामुळे आम्ही तो नळ बंद ठेवला आणि नऊ दिवस लांबच्या नळावरून बादल्या वाहिल्या. जावईबापूंनी एकदाही कुरकुर केली नाही, उलट रोज ऑफिसला जाताना तिथे वाकून बघून जायचे.

आदल्या संध्याकाळी कोश काळा पडला आणि आतले पंखांवरचे ठिपके बाहेरून दिसायला लागले. मी पहाटे उठून बसले होते. कोश वरून फाटला आणि ते बाहेर आलं तेव्हा फुलपाखरासारखं काहीच नव्हतं, ओलं, जाड पोट आणि पंख म्हणजे दोन चुरगळलेल्या चिंध्या. मग लटकून राहिलं आणि पोटातलं पाणी पंखांत भरत गेलं, हळूहळू, एखादी घडी उलगडावी तसे ते ताणत गेले. काळ्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखांवर विटकरी लाल डाग. मुलांना उठवलं, दोघं पांघरुणासकट आली. बराच वेळ कोणी बोललं नाही. दयाळ पक्षी तेवढा विजेच्या तारेवर बसून गात होता. ऊन आलं तसं ते उडालं, गच्चीवरून पलीकडे, आणि त्या क्षणी मला तुमची दोघांची इतकी आठवण आली की काय सांगू. हे सगळं तुम्ही लावलेल्या झाडावर चाललंय आणि तुम्ही नाही आहात बघायला.

अजून एक. वांग्याच्या रोपावर शिंपी पक्ष्याने घरटं शिवलंय. खरोखर शिवलंय बाबा, पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कोळ्याचं जाळं आणि कापसाचे तंतू ओवलेत, आणि बाहेरच्या बाजूला तंतूची टोकं पिंजून फुगलीयेत त्यामुळे ते मागे सरकत नाहीत. पान झाडालाच असल्यामुळे हिरवंच राहतं, तीन दिवस मी त्याच रोपाला पाणी घालत होते आणि मला दिसलं नव्हतं. पक्षी केवढासा, वजन असेल ८-९ ग्रॅम, आवाज मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. आता त्या रोपाला पाईप लावायचा नाही, मगाने बुंध्याशी पाणी, आणि तिकडची वांगी कोणी तोडायची नाहीत असा थोरलीने कागद चिकटवलाय भिंतीवर.

त्याच वांग्याच्या फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. फुलाला मिठी मारतो आणि त्याचा आवाज एकदम बदलतो, बारीक, टोकदार होतो. त्या थरथरीनेच फुलातला पराग बाहेर पडतो म्हणे, नुसतं बसून निघत नाही. आई, तू म्हणायचीस ना भुंगा आला की वांगी धरतात, ते अगदी खरं आहे गं.

पक्ष्यांच्या पाण्याचं मातीचं भांडं तू ठेवायचीस तिथेच आहे, उथळ, मधे दगड. रोज पाणी बदलते, नाहीतर डासांची अंडी आठवड्याभरात डास होऊन उडतात.

आता भिंगाचं. लिंबोणीची एक छोटी कुंडी केलीय, गुडघ्याएवढं रोप आहे, पुढच्या आठवड्यात मुलं तुमच्याकडे येतील तेव्हा गाडीत घालून आणतील. दादाच्या बाल्कनीत जिथे सकाळचं ऊन येतं तिथे ठेवा. आई, वाकू नकोस, स्टुलावर ठेवायला सांग. काल दुपारी तसल्याच फुलपाखराची एक मादी त्या रोपावर आली होती, पुढच्या पायांनी पान थापटून चव बघितली आणि शेपूट वळवून दोन अंडी घालून गेली. पिवळसर, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी. कुठल्या पानावर ते मी धाकट्याला सांगितलंय पण त्याने तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय. बाबा, तुम्ही शोधा. सापडलं की फोन करा, ऐकू नाही आलं तरी चालेल.

तुमची,
लेक