अद्भुत कादंबऱ्यांचेही परीक्षण व्हावे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जयंत नारळीकर यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. पुस्तक त्या मानाला सर्वस्वी पात्र आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु ज्या लेखकाने मराठी विज्ञानकथा नावारूपाला आणली, त्याच्या कथा-कादंबऱ्यांपैकी एकालाही चार दशकांत तो मान मिळाला नाही आणि स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिले तेव्हा मात्र मिळाला, ही गोष्ट मला बोलकी वाटते. विज्ञानकथेच्या पाठीशी निदान विज्ञानाची प्रतिष्ठा तरी असते. जिला तोही आधार नाही, अशा निव्वळ अद्भुत कादंबरीची आपल्या साहित्यव्यवहारात काय पत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

आपल्या रविवार पुरवणीतील पुस्तक परीक्षणांचे पान मी नियमाने वाचतो. सामाजिक कादंबरी, आत्मकथन, चरित्र, अनुवाद, वैचारिक लेखन यांना तेथे जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. मात्र प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या एखाद्या अद्भुत कादंबरीचे सविस्तर परीक्षण तेथे वाचल्याचे मला स्मरत नाही. मुखपृष्ठाचे छोटे चित्र, पृष्ठसंख्या, किंमत आणि दोन ओळींचा परिचय एवढ्यावर तिची बोळवण होते. हा दोष एकट्या आपल्या पत्राचा नाही, आणि तो आजकालचा तर मुळीच नाही.

मराठी कादंबरीचा उगम सांगताना बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) नाव आदराने घेतले जाते, कारण तीत विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण आहे. तिच्यापाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. रिसबुडांनी तर प्रस्तावनेतच हात वर केले होते: आपल्या विवाहरीतींमुळे व इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात रस वाटावा असे ना गुण असतात ना दुर्गुण, रोजचेच लिहिले तर वाचकाचे मन रमत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. पुढे हरी नारायण आपटे यांनी त्याच रोजच्या आयुष्यातून वाचकाला हलवून सोडणारी कादंबरी लिहून दाखवली आणि रिसबुडांची सबब निकालात काढली. तेव्हापासून अद्भुत म्हणजे कादंबरीचे बाळपण आणि वास्तव म्हणजे तिचे वयात येणे, असा जो समज रूढ झाला तो आजतागायत टिकून आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा, म्हणजे अनुक्रमे वास्तव, अद्भुत आणि ऐतिहासिक अशा, तीन प्रवृत्ती मांडल्या, त्यांतही मानाचे पान पहिलीलाच आहे. गंमत अशी की ‘मोचनगड’च्या वाटेने गेलेल्या ऐतिहासिक कादंबरीला समीक्षकांनी कितीही फटकारले तरी समाजाने तिला डोक्यावर घेतले, पुरस्कारही दिले, वाऱ्यावर सोडली गेली ती ‘मुक्तामाला’ची वाट.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. मराठी वाचकाला किंवा समीक्षकाला अद्भुताचेच वावडे आहे, असे माझे म्हणणे नाही. ‘ययाति’मध्ये शाप आहे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या आहे, मुलाचे तारुण्य अंगावर घेणारा बाप आहे, तरी खांडेकरांना या कादंबरीसाठी मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि तिच्याकडे पौराणिक कादंबरी म्हणूनच पाहिले गेले. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा ज्या देशांत घडतात ते कोणत्याही नकाशावर सापडणार नाहीत. त्यांवर आपल्याकडे उदंड लिहिले गेले, पण त्यांतील नियती, शोध आणि मृत्यू यांविषयीच. जी. एं.नी एक अख्खे अपरिचित जग, त्यातील माणसे, रिवाज आणि भीती यांसह, इतक्या थोड्या पानांत कसे उभे केले, या कारागिरीकडे त्या मानाने फार थोड्यांनी पाहिले. अद्भुताच्या पाठीशी पुराण असेल, त्यात तत्त्वचिंतन शोधता येत असेल किंवा ते लहान मुलांसाठी असेल, तर त्याला मज्जाव नाही. विंदा करंदीकरांनी मुलांना ‘एटू लोकांचा देश’ दाखवला आणि रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आणली, त्याचे कौतुकच झाले. लेखकाने स्वतःच्या कल्पनेतून घडवलेले जग प्रौढ वाचकापुढे ठेवले आणि ते कशाचे रूपक आहे हे सांगायला नकार दिला, की मात्र कपाळाला आठ्या पडतात.

या आठ्यांमागे केवळ अभिजनांचा तोरा आहे, असे मानणेही अन्यायाचे होईल. मराठीत वास्तवाला जो मान आहे तो कष्टाने मिळवलेला आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके आली तेव्हा ज्या आयुष्यांना आजवर कागदावर जागा नव्हती ती प्रथमच वाचकासमोर आली, आणि त्यांच्यापुढे राजकन्या, राक्षस आणि मंतरलेल्या तलवारी पोरकट वाटल्या, यात नवल नाही. एखाद्या समीक्षकाने, वेळ थोडा आणि जागाही थोडी असताना, आधी ‘उपरा’वर लिहिले तर त्याला दोष कोण देईल? पण एकाला न्याय देताना दुसऱ्याची दखलच न घेणे ही सवय होऊन बसली आणि ती मोडायची कोणाला आठवण राहिली नाही.

याची सर्वाधिक झळ नारायण धारप (१९२५–२००८) यांना बसली, असे माझे मत आहे. त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत भयकथा आहेत, विज्ञानकथा आहेत आणि निखळ अद्भुतही आहे. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. धारपांच्या पुस्तकांमागची तारखेची चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवावी लागे. शिवण सुटून बांधणी करून घेतली की मूळ मुखपृष्ठ जाऊन सगळी पुस्तके एकाच काळपट कापडात दिसू लागत, तरी वाचक पाठीवरचा दाखल क्रमांक लक्षात ठेवून नेमके हवे ते पुस्तक मागत. आमचे एक वर्गणीदार, निवृत्त मुख्याध्यापक, ती नेहमी ‘नातवासाठी’ नेत. नातू पुण्याला राहत असे. खरेदीच्या यादीवर मात्र दर वर्षी कार्यकारिणीतले कोणीतरी त्या नावावर काट मारी आणि ‘असली पुस्तके’ ठेवायची की नाही यावर चर्चा होई.

ज्या लेखकाचे इतके वाचन होते त्याच्यावर गंभीर लेखन किती झाले, हे शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही जास्त चालला, आणि त्याचे बीज धारपांच्या एका कथेत असल्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

उपेक्षेमुळे लेखकाचा मान गेला, एवढ्यावर हे थांबत नाही. त्यामुळे लेखनाचेही नुकसान होते. धारपांच्या काही कादंबऱ्यांवर अमेरिकी भयकादंबरीकार स्टीफन किंग यांची दाट छाया आहे, हे जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. त्यातले उसने किती, मराठी मातीत रुजवलेले किती आणि सर्वस्वी स्वतःचे किती, याची निवड समीक्षेने करायला हवी होती. ती न झाल्याने चाहत्यांना सगळेच थोर वाटते आणि इतरांना सगळेच टाकाऊ. आज नव्याने लिहिणाऱ्यांचेही तसेच आहे. मंत्र-तंत्राला काही नियम आणि किंमत आहे की अडचणीच्या वेळी लेखक हवा तो चमत्कार करून मोकळा होतो? राज्यातल्या प्रजेचे पोट कशावर चालते? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाश्चात्त्य धाटणीचे किल्ले आणि बर्फाळ अरण्ये का उगवली? पात्रे गतकाळातली म्हणून संस्कृतप्रचुर बोलतात आणि रागावली की सरळ आजच्या मालिकेतल्यासारखी भांडतात, ते कसे? हे प्रश्न छापील पानावर कोणी विचारलेच नाहीत, तर पुढच्या लेखकाने शहाणे व्हायचे कशाच्या बळावर? ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी अशा कथांना वर्षानुवर्षे घर दिले, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु अंक कथा छापू शकतो, तिची झाडाझडती घेणे हे त्याचे काम नव्हे.

इंग्रजीतही ही तेढ होतीच. १९६१ च्या नोबेलसाठी लेखक सी. एस. लुइस यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुत कादंबरीचे कर्ते टॉल्किन यांचे नाव सुचवले असता समितीने त्यांचे गद्य श्रेष्ठ कथनाच्या पातळीला पोहोचत नाही म्हणून ते बाजूला सारले, हे पन्नास वर्षांनी कागदपत्रे खुली झाल्यावर कळले. मात्र तेथे नकार देण्यापुरते का होईना, कोणीतरी मत नोंदवले होते.

यावर उपाय म्हणून वेगळा पुरस्कार सुरू करावा, असे काही जण सुचवतात. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाने स्वतंत्र पुरस्कार आहे, मग अद्भुतासाठी का नको, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मला तो पटत नाही. वेगळी रांग लावली की मुख्य रांगेतून काढून टाकायला आयते निमित्त मिळते. अद्भुत कादंबरी चांगली असेल तर तिने आपटे यांच्या नावाच्या कादंबरी पुरस्कारासाठीच इतरांशी स्पर्धा करावी, आणि कमी पडली तर हरावी.

दखल घेतल्याने काय होते, याचा दाखला नारळीकरांचाच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवतांनी विज्ञानकथेचा गौरवाने उल्लेख केला, आणि साहित्यिकांच्या पंगतीत तिला पाट मिळाला. तोवर तशा कथा लिहिल्या जात नव्हत्या असे नाही. अधिकारी व्यक्तीने त्यांच्याविषयी जाहीरपणे बोलण्याची गरज होती. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले, ते त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी.

माझी विनंती माफक आहे. आपल्या पुरवणीत दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी प्रौढांसाठी लिहिलेल्या एखाद्या अद्भुत कादंबरीचे पूर्ण लांबीचे परीक्षण यावे, आणि ते इतर कादंबऱ्यांना लावता त्याच कसोट्यांवर, गरज पडल्यास तितक्याच कठोरपणे व्हावे. पुस्तके कोणती निवडावीत हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र ज्यांना ‘असल्या’ पुस्तकांची मुळातच नावड आहे अशांकडे ती सोपवू नयेत, आणि जे लेखकाच्या प्रत्येक पानावर लुब्ध आहेत अशांकडेही सोपवू नयेत.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल