रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

महाविद्यालयांतल्या स्त्री-अभ्यासाला पर्याय म्हणून आपण जो परंपरानिष्ठ अभ्यासक्रम आखतो आहोत, त्याचा पहिला भाग येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी ठरवायचा आहे.

एसएनडीटी विद्यापीठात 1974 साली या विषयाचं संशोधन सुरू झालं, त्या कामाचा आदर आहेच. पण घर, व्रतं, कुळाचार यांकडे केवळ बंधन म्हणून पाहिलं की आपल्या आज्या नुसत्या सोसणाऱ्या ठरतात, हे मला पटत नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावणारी मुक्ताबाई धाकटी बहीण होती. जनाबाईचा विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 राज्य चालवलं, तेही शिवपूजा न सोडता. सुरुवात इथून करू.

केशवपन आणि बालविवाह मात्र वगळायचे नाहीत, असा माझा आग्रह आहे. ते झाकून परंपरा शिकवणं अप्रामाणिक होईल.

प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून जात्यावरच्या दोन ओव्या उतरवून आणाव्यात. गाव आणि त्या कुणाकडून शिकल्या तेही लिहावं. मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय टीकाग्रंथातल्या स्त्रीधनावर, म्हणजे बाईच्या स्वतःच्या मालमत्तेवर, बोलायला संस्कृत जाणणारं कुणी हवं आहे. शुक्रवारपर्यंत कळवा.