पस्तीस दिवसांसाठी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा मी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेलो असेन. उपचार 35 दिवसांचे आहेत, कामावर रजा टाकली आहे आणि सूनबाईशी बोलूनच हे ठरवले आहे. तुम्हाला आधी विचारले असते तर आईने रडून आणि बाबांनी गप्प बसून मला थांबवले असते, म्हणून विचारले नाही. तिथे वेळेवर गरम जेवण मिळते, तेव्हा लाडवांचा डबा पाठवू नये.

समुपदेशकांनी विचारले, ‘पहिल्यांदा कधी घेतली?’ मी लातूरचे वसतिगृह सांगितले, पण खरे उत्तर त्याच्याही मागे आहे. भूकंपानंतर सरकारी घर मिळाले तरी आपण कित्येक पावसाळे अंगणातल्या पत्र्याखालीच झोपलो, कारण बाबांचा स्लॅबखाली डोळा लागत नसे आणि माझा बाबांशिवाय. वसतिगृहात डोक्यावर स्लॅब होता, शेजारी बाबा नव्हते. दोन घोट घेतले की छताकडे लक्ष जात नसे. झोपेसाठी धरलेली दारू पुढे दोन नोकऱ्या आणि ओढ्याकडचा एकर गिळून बसली. भूकंप अख्ख्या किल्लारीने सोसला, म्हणून सगळेच काही पिऊ लागले नाहीत, हे मला कळते.

एक गोष्ट मात्र 1993 पासून मी पोटात ठेवली आहे. विसर्जनाच्या रात्री छकुली माझ्यासोबत मारुतीच्या पारावर झोपायला आली होती. पोरे हसतील म्हणून मीच तिला परत धाडले. ती सदरा सोडेना, तेव्हा मी हिसका दिला आणि बटण तुटून तिच्या मुठीत राहिले. पहाटे माळवद कोसळले. आई, ‘मीच तिला आत घेतले’ असे तू इतकी वर्षे म्हणत आलीस. तू फक्त दार उघडलेस, तिला पाठवणारा मी होतो. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, एवढे ध्यानात घेऊन मला क्षमा करा.

बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवायची नाही, आणि सोयाबीन काढल्या काढल्या व्यापाऱ्याला देऊन टाकू नका. आई, गुडघा दुखत असताना शेतात जायचे नाही. भेटायला धावत येऊ नका, दिवाळीला मीच येतो. आलो की ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला तिचा फोटो भिंतीवर लावू. खिळा मी ठोकेन, बाबांनी स्टुलावर चढू नये.

तुमचा,
बाळू