मरियेचे वस्त्र काळे नव्हते

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत इटलीतील पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमधील चित्रकार जोत्तोच्या ‘विलाप’ या, येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक दाखवणाऱ्या भित्तिचित्रावरचा लेख वाचला. सुमारे १३०५ सालच्या या चित्राला मराठी दैनिकाने इतकी जागा दिली, याचा आनंद वाटला. एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. येशूची आई मरिया हिचे काळपट, डागाळलेले वस्त्र ही शोकाची खूण आहे, असे लेखात म्हटले आहे. ते वस्त्र मुळात निळे होते.

खऱ्या फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या गिलाव्यावर लावतात. गिलावा साधारण एक भाग विरवलेला चुना आणि दोन भाग वाळू असा असतो. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि रंगाचे कण त्यातच बसून जातात. गिलावा काही तासच ओला राहतो, म्हणून त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा, वरून खाली येत. नव्या तुकड्याची कड जुन्यावर चढते, आणि तिरप्या उजेडात हे सांधे आजही दिसतात. गेरू आणि पिवळी माती चुन्यात उत्तम टिकतात. अझुराइट हे तांब्याचे निळे खनिज मात्र ओल्या चुन्यात नीट बसत नाही, म्हणून भिंत वाळल्यावर ते सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावत. भिंतीत ओल आली की हा सरस दगा देतो, पोपडे पडतात आणि खालचा गडद लेप उघडा पडतो. मरियेच्या वस्त्राचे तेच झाले आहे. इटलीतच असिसीला चिमाबुए या चित्रकाराच्या क्रूसारोहणात शिशाचा पांढरा रंग काळा पडून उजेडाच्या जागी अंधार दिसतो. तिथेही अशीच फसगत होते.

मग या चित्रातले दुःख कशात आहे? सर्वांत आधी खडकाच्या कडेत. ती उजवीकडून तिरकी उतरते आणि नजर थेट खाली डाव्या कोपऱ्यात, मरिया आणि येशूच्या जवळ आलेल्या चेहऱ्यांवर नेऊन सोडते. चित्राचा मध्य जवळजवळ मोकळाच राहतो. पुढे दोन स्त्रिया आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतो तो वस्त्राखालचा जड, वाकलेला देह. आणि माझ्या मते चित्रातला सर्वांत खोल शोक तिथेच आहे. येशूचा शिष्य योहान दोन्ही हात मागे फेकून पुढे झुकला आहे, त्याची अनुयायी मग्दालीया येशूची पावले धरून बसली आहे, तर त्याला थडग्यात ठेवणारे निकदेम आणि अरिमथाईकर योसेफ उजवीकडे निश्चल उभे आहेत. वर दहा देवदूत आक्रोश करताहेत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

खडकावरचे निष्पर्ण झाड हे खरे प्रतीक. आदामाच्या पापामुळे बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणारे झाड वाळले आणि ख्रिस्ताच्या मरणाने ते पुन्हा पालवेल, ही त्या काळची समजूत त्यामागे आहे. शेजारच्या पट्टीवर माशाने गिळलेला संदेष्टा योना आहे. त्याचे माशाच्या पोटातले तीन दिवस येशूच्या थडग्यातल्या तीन दिवसांची आठवण देतात.

मानवी भावना धार्मिक चित्रात जोत्तोनेच प्रथम आणली, हे लेखातले विधानही टिकत नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, वर्णन नसलेला हा प्रसंग बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) परंपरेतून आला. मॅसेडोनियातल्या नेरेझीच्या चर्चमध्ये ११६४ सालच्या चित्रात मरिया मृत पुत्राच्या गालाला गाल लावून रडते आहे. जोत्तोचे मोठेपण त्या दुःखाला देहाचे वजन आणि उभे राहायला जमीन देण्यात आहे.

त्याच लेखात अजिंठ्याच्या चित्रांनाही फ्रेस्को म्हटले आहे. तिथे गिलावा मातीचा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग सरसात कालवून कोरड्यावर लावलेले. म्हणजे पाडुआत जे मुख्यत्वे निळ्या रंगापुरते आहे, ते अजिंठ्यात सगळ्या भिंतीला लागू आहे. ओलीचा हा धोका टाळण्यासाठी पाडुआत २५ जणांच्या गटाला आधी १५ मिनिटे हवा नियंत्रित केलेल्या दालनात बसवतात, अंगावरची ओल आणि धूळ कमी झाली की मगच आत सोडतात.

– भित्तिचित्रांचा एक अभ्यासक, पुणे