आधी एक पावसाळा भाड्याने राहा

कोल्हापूर,
नवरात्राची दुसरी माळ

चि. ताई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीच्या आधी तुझा फोन आला. "आबा, मी कोल्हापूरला येतो, कायमचा," असं म्हणालीस आणि तुझी आई पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. दहा वर्षं ठाण्यात काढलीस तरी बायकांनीही "येतो-जातो" म्हणायची आपली बोली तुझ्या तोंडातून गेली नाही, याचं मला लई बरं वाटलं. ऑगस्टच्या १८ तारखेला हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, तेव्हा मी मुद्दाम भाऊसिंगजी रोडला जाऊन त्या जुन्या इमारतीसमोर उभा राहून आलो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची माणसं आता मुंबईची गाडी न धरता इथे येणार. त्या गर्दीत काळा कोट घातलेली माझी पोर असणार, हे मनात आलं आणि डोळे भरून आले.

जागा बघून ठेवा म्हणालीस. महिनाभर मी तेच करतोय. एकतीस वर्षं केएमटीच्या शहर बसवर कंडक्टर होतो, त्यामुळे उपनगरातला एकही थांबा मला नवा नाही. पण तिकीट फाडता फाडता बघितलेला भाग वेगळा आणि लेकीचा संसार थाटायचा म्हणून बघितलेला वेगळा. म्हणून पुन्हा एकेक बस धरली, शेवटच्या थांब्याला उतरलो आणि पायी फिरलो. सकाळी सहाला गेलो, रात्री नऊनंतरही गेलो, भर पावसात छत्री घेऊन गेलो. फोनवर तू कायम घाईत असतेस, म्हणून लिहितोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी आपल्या घराजवळचं सांगतो, कारण तुझ्या आईचा जीव तिथेच अडकलाय. शुक्रवार पेठेत आपल्या मागच्याच बोळात दोन खोल्या रिकाम्या झाल्यात, भाडंही कमी आहे. नात दिवसातून दोनदा आपल्या दारात येईल, असं ती म्हणते. मी नको म्हणालो. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही.

२०१९ च्या ऑगस्टात तू ठाण्यात होतीस आणि आम्ही फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच सांगत होतो. आता खरं सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जामदार क्लबला पाणी आलं की सामान वर चढवायला लागायचं, हा आपल्या पेठेचा जुना हिशेब. आम्ही पलंगावर टेबल, टेबलावर ट्रंक असं रचलं आणि एका शाळेत जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा खोलीत घोट्याच्या वर गाळ होता, पलंग फुगून जोड सुटले होते आणि गव्हाच्या पोत्याला कोंब फुटले होते. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीला लागत होती. २०२१ च्या जुलैत ती चार बोटं वर गेली. त्यानंतर दोनदा रंग दिला, पण जूनमध्ये ओल आली की रेघ पुन्हा दिसते. त्या भिंतीला टेकवून नातीचं अभ्यासाचं टेबल ठेवायला माझं मन घेत नाही. आम्ही दोघं म्हातारी माणसं, सवयीने राहतो. तुम्ही नव्याने येताय, तर ती सवय लावून घेऊ नका.

एका एजंटाने नदीकडच्या बाजूला नवं अपार्टमेंट दाखवलं. जिना ग्रॅनाइटचा, लिफ्ट, खिडकीतून हिरवागार ऊस. "इथं कधीच पाणी येत नाही आबा," म्हणाला. मी खाली पार्किंगमध्ये उतरून लाईटचे मीटर बघितले. माझा हात पोचणार नाही इतक्या उंचावर बसवले होते. शेजारच्या जुन्या घराच्या कंपाउंडवर मातकट पट्टा होता, तोही कमरेच्या वर. समोरच्या किराणा दुकानात चहापत्ती घेतली आणि दुकानदाराला विचारलं, तर त्याने फळीकडे बोट दाखवलं, "इथपर्यंत." पुढे कधी विकत घ्यायचं झालं, तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते आधी बघ. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या, एवढं मला एका निवृत्त ओव्हरसियरने समजावून दिलं. कागद तू माझ्यापेक्षा चांगला वाचशील.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. घर कोरडं राहिलं तरी रस्ता बुडतो. गगनबावड्याच्या बाजूला बालिंग्याचा पूल बंद होतो, पन्हाळ्याकडे केर्लीजवळ पाणी येतं, कसबा बावड्याहून शियेचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि मोठ्या पुरात शिरोलीला पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा थांबतो. वडणगे, शिंगणापूर या बाजूला स्वस्तात चांगली घरं आहेत, मोकळी हवा आहे, माणसंही चांगली आहेत. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्या माणसांचे डोळे बंधाऱ्याच्या आकड्यावर लागतात. तुला सकाळी साडेदहाला कोर्टात उभं राहायचंय. तारीख पुराला थांबत नाही. म्हणून तो सगळा पट्टा मी मनातून काढून टाकला.

राहिली दक्षिण. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर. जमीन उंच, पंचगंगेचा संबंध नाही, आणि भाडं ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीपेक्षा पुष्कळ कमी. पण तिथे दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. महापालिका १९७२ साली झाली आणि हद्द आजवर तीच राहिली. शहर मात्र हद्दीबाहेर पसरत गेलं. २०१७ ला ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, पण नळ, गटार, कचरा हे बहुतेक ग्रामपंचायतीच्याच हातात. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला महापालिकेचा नळ आणि उजव्या बाजूला पंचायतीचा, असं मी डोळ्यांनी बघितलंय. घर बघताना आधी हेच विचार, हद्दीत आहे का बाहेर.

पाचगावच्या बाजूला एका गल्लीत मी सकाळी सहाच्या आधी पोचलो होतो. प्रत्येक दारात निळं बॅरल, काहींच्या दारात दोन. बायका पाइप धरून उभ्या. एका मावशीला विचारलं, तर म्हणाल्या, "आज आलंय, आता परवा बघायचं. उन्हाळ्यात टँकर सांगावा लागतो, सोसायटीत वर्गणी काढतो." एजंटाने त्याच गल्लीतला फ्लॅट "चोवीस तास पाणी" म्हणून दाखवला होता. ते चोवीस तास म्हणजे बोअरचं पाणी.

मग तुझ्या आईने तिची रीत काढली. मी प्रत्येक घरातून एक बाटली पाणी भरून आणायचं आणि ती त्यात वाटीभर तूरडाळ शिजवणार, तोच कुकर, तेवढ्याच शिट्ट्या. पाचगावच्या त्या बोअरच्या पाण्यात पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली कचकच लागत होती. नंतर जाऊन त्या फ्लॅटचे नळ नीट बघितले, तर तोंडाशी पांढरे खडे धरले होते. गीझर वर्षात जाईल आणि पोरीचे केस धुतले की चिकट होतील, असं तिचं म्हणणं. मला हे सुचलं नसतं.

बाकीचं थोडक्यात. उचगाव आणि गांधीनगरकडे स्वस्त आहे, पण तावडे हॉटेलजवळच्या ट्रकांतून तू रोज स्कूटर घालावीस असं मला वाटत नाही. उजळाईवाडी विमानतळाला जवळ, जावईबापूंना मुंबईच्या ऑफिसला जायला सोयीची, पण कोर्टापासून लांब आणि संध्याकाळनंतर काही गल्ल्या अगदी सुनसान. फुलेवाडी हद्दीत येते, रंकाळा जवळ, माणसांची वर्दळ चांगली. पण नवी घरं रिंगरोडच्या पलीकडे झालीत आणि पावसात तिथल्या आतल्या रस्त्यांवर माझी चप्पल चिखलात राहिली.

शेवटी दोन घरं मनात धरलीत. पहिलं आर. के. नगरात, चित्रनगरीच्या अलीकडे. दुसरा मजला, दोन बेडरूम, पूर्वेला गॅलरी. भाडं बारा हजार सांगतात, अकराला येतील असं वाटतं. पाणी पंचायतीचं एक दिवसाआड, पण खाली मोठी टाकी बांधलीय आणि बोअर फक्त वापरायला वेगळा काढलाय. डाळ त्या पिण्याच्या पाण्यात चार शिट्ट्यांत शिजली. दुसरं सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला, महापालिकेच्या हद्दीत. घर जुनं, तळमजला, खोल्या लहान, पण अंगणात पेरूचं झाड आहे आणि घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहे. भाडं हजाराने जास्त. डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. तळमजला म्हटल्यावर मी जवळ ओढा कुठे आहे तेही बघून आलो, कारण दक्षिणेला पंचगंगा नसली तरी रामानंदनगरचा ओढा मोठ्या पावसात रस्त्यावर येतो. हे घर त्यापासून चढावर आहे.

दोन्हीकडून कोर्टाजवळच्या सीपीआर दवाखान्यापर्यंत सकाळी नऊच्या बसने जाऊन घड्याळ लावलं. आर. के. नगरहून पस्तीस मिनिटं, वसाहतीतून बावीस. पण आता नवरात्र आहे, अंबाबाईच्या दर्शनाला महाराष्ट्रभरातून माणसं आलीत आणि बिंदू चौकापासून पुढे गाडी हलत नाही. इतर दिवशी पाच-सात मिनिटं कमी धर.

आता माझ्या मनातलं. जावईबापू फोनवर म्हणत होते की दिवाळीच्या मुहूर्तावर फ्लॅट बुक करू, भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा. त्यांचा हिशेब बरोबर आहे. तरी माझी विनंती आहे, ठाण्यातलं घर लगेच विकू नका आणि इथे लगेच घेऊ नका. दिवाळीनंतर अकरा महिन्यांचा करार केलात, तर त्यात पुढचा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा बसतो. एप्रिल-मे मध्ये नळाला काय येतं आणि जुलैत रस्त्यावर काय येतं, हे दोन्ही तुमच्या डोळ्यांनी दिसेल. शाळेची रिक्षा कुठवर येते, रात्री ताप आला तर डॉक्टर किती लांब, शेजारी कसे, हे सगळं त्या अकरा महिन्यांत कळेल. मग घ्या, आणि तुझ्या नावावर घ्या, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे हे तुला माहीतच असेल.

घाई का नको म्हणतो ते तुला ठाऊक आहे. तू सातवीत असताना आपण माळावर दीड गुंठा घेतला होता. तुझ्या आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. मी रविवारी एकदा जाऊन बघून आलो, हिरवं गवत, वारा, लांबवर जोतिबाचा डोंगर दिसत होता, आणि नोटरीच्या कागदावर पैसे दिले. ना बिगरशेती, ना सातबाऱ्यावर नाव. तीच जागा आणखी दोघांना विकलेली निघाली. तीन वर्षं मी ड्युटी संपवून त्या माणसाच्या दारात जाऊन बसत होतो. त्या दिवसांत तू एकदा म्हणालीस, "आबा, पुढं मी वकील होतो." ते मी विसरलेलो नाही.

तुझी आई आता बोलायला लागलीय. काल स्वतःच म्हणाली, वसाहतीत घर घेतलं तर रंकाळ्यावरून चालत अर्ध्या तासात नातीकडे पोचेन, आणि गुडघ्यालाही व्यायाम. मी तिला अडवलं नाही. तिच्यासारखंच मलाही वाटतं की तुम्ही मागच्या बोळात असावं, सकाळी मी पोरीला गंगावेशीला नेऊन समोर काढलेलं धारोष्ण दूध पाजावं. ते रविवारी करू.

दोन्ही घरमालकांनी दसऱ्यापर्यंत थांबायचा शब्द दिलाय. पुढच्या शनिवार-रविवारी जमवा. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं सणात मिळायची नाहीत, एसटीच बघा. शनिवारी सकाळी आर. के. नगर आणि संध्याकाळी वसाहत, म्हणजे दोन्हीकडचा उजेड आणि अंधार दिसेल. दुपारी जेवायला घरी. तुझ्या आईने दोन्ही घरांच्या पाण्याच्या बाटल्या चिठ्ठी लावून फडताळात ठेवल्यात. डाळ तुझ्यासमोर पुन्हा शिजवणार आहे.

तुझे,
आबा