ओवीसाठी, पण आधी आजीने बघायचं

निशिकासाई, तोक्यो
जून

ती. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडं एवढ्या बारक्या पोरांना काय दाखवतात गं?" मी सांगायला लागले आणि ओवीने फोन पळवला. म्हणून हे पत्र. आयुष्यभर बालवाडी चालवलेल्या बाईला मी हे शिकवायचं म्हणजे जरा जास्तच झालं, पण अर्णवच्या निमित्ताने इथलं बरंच बघणं झालंय, आणि त्यातलं काही तर तुझ्याच हातात पडायला हवं असं वाटतं.

आधी तुझी तक्रार. ओवी शिनचॅनसारखी हिंदी झाडते आणि वहिनीला उलट उत्तरं देते, हे ऐकून मला हसूच आलं. इथल्या आयांचंही तेच रडगाणं आहे. मुलांना काय दाखवू नयेसं वाटतं, अशी पाहणी इथले पालक-शिक्षक संघ करायचे, त्या यादीत शिनचॅन वर्षानुवर्षं वरच्या नंबरात असायचा. तेव्हा जपानी म्हणजे सगळं तसंच, असं धरून चालू नकोस. आपण दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघायचो ना, तेही जपानीच होतं, १९८९ साली निप्पॉन अ‍ॅनिमेशनने केलेलं. बाबांना सांगून बघ. गोष्ट आपल्या जंगलातली, म्हणून कार्टूनही आपलंच, असं ते शेजाऱ्यांना ठासून सांगायचे.

तर अजून शाळेत न जाणाऱ्या बारक्या मुलांसाठी इथे जे वेगळं केलेलं असतं, ते एकदम छोटं असतं. एनएचकेचं, म्हणजे इथल्या दूरदर्शनचं, एक चॅनेल शिक्षणाचं आणि मुलांचं आहे. त्यावर 'पुचिपुचि अ‍ॅनिमे' या नावाखाली १९९४ पासून पाच-पाच मिनिटांच्या फिल्मा लागत आल्या. त्यातली आमच्या घरातली लाडकी म्हणजे न्याक्की. मातीची एक पिवळी अळी, दोन टपोरे डोळे, बस. इतो युइची नावाच्या कलाकाराने १९९५ मध्ये ती सुरू केली. ती अळी सरपटते, कुठेतरी चढते, अडकते, चपटी होते, परत फुगते. आपल्या शेवग्यावर पावसाळ्यात जे लटकतात तसले केसाळ प्रकरण नाही हे, घाबरू नकोस.

न्याक्कीच्या फिल्मांत कोणी बोलत नाही. संगीत असतं, चित्कार असतात, धपकन पडल्याचे आवाज असतात, पण संवाद नाही आणि गोष्ट सांगणारा आवाजही नाही. मग होतं काय, की अर्णव दर दहा सेकंदांनी माझ्याकडे बघतो. "आई, ती का थांबली? आता काय करणार? तिला भूक लागली का?" मला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते मी मराठीतच देते. दिवसभर पाळणाघरात तो जपानी बोलतो, घरी आल्यावरही जपानीच तोंडात असतं. मी "मराठीत बोल" म्हटलं की गप्प बसतो. पण न्याक्की लावली की आपोआप मराठी सुरू. पडद्यावरचे गप्प असतात, म्हणून आम्ही बोलतो. मी त्या अळीला सातारी बोलायला लावलंय. भिंतीवरून पडली की ती "आगं आई आई आई" करते.

हे सगळं बघताना मला तुझा बालवाडीतला तो बाजाराचा तक्ता आठवतो. त्यावरची गोष्ट तू कधीच सांगितली नाहीस. भाजीवालीवर छडी ठेवून नुसतं विचारायचीस, "ही काय म्हणत असेल?" आणि अख्खा वर्ग एकदम ओरडायचा. या फिल्मा म्हणजे तसले तक्तेच आहेत, फक्त हलतात.

आता दुसरी, तिच्यासाठी तर हे पत्र खरं लिहायला घेतलं. तिचं नाव पुई पुई मोलकार. या जगात लोखंडाच्या गाड्याच नाहीत. रस्त्यावर धावतात ते गुबगुबीत गिनिपिग, खाली चाकं लावलेले, पोटात माणसं बसलेली. २०२१ च्या जानेवारीत टीव्ही तोक्योवर मंगळवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमात हे लागायला लागलं. तेव्हा इथे कोरोनाची आणीबाणी पुन्हा लागली होती, सगळे घरात कंटाळलेले, आणि पोरांपेक्षा मोठी माणसंच त्यासाठी वेडी झाली. एक भाग २ मिनिटं ४० सेकंदांचा, एकूण १२ भाग. सगळे एका बैठकीत बघितले तर अर्ध्या तासाच्या जरासं वर. पुढे २०२२ मध्ये आणखी आले.

दिग्दर्शक मिसातो तोमोकी तेव्हा तिशीच्या आतला. तोक्यो कला विद्यापीठाच्या अ‍ॅनिमेशन विभागातून शिकून आलेला, आणि न्याक्कीवाले इतो तिथेच प्राध्यापक. मोलकार लोकरीचे आहेत. लोकर सुईने टोचटोचून घट्ट करत नेतात, तसे. मग बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत केसभर हलवायची, परत फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तरी एका भागाला एकोणीसशेच्या वर होतात. गाडीच्या आत माणूस जवळून दिसतो तेव्हा तो मात्र खराखुरा माणूस, त्यालाही तसंच एकेक फोटो काढून हलवलेलं. आणि "पुई पुई" हा आवाज खऱ्या गिनिपिगचा. त्याचं नाव त्सुमुगी, आणि श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्याच्या जागी ते रीतसर लिहिलेलं असतं. बाबांना हे फार आवडेल.

पहिला भाग ट्रॅफिक जॅमचा आहे. रांगच रांग लागलीय, मधे अ‍ॅम्ब्युलन्स अडकलीय (तीही गिनिपिगच), आत पेशंट. आणि रांग हलत नाही, कारण पुढे गाडी चालवणाऱ्या माणसाचं लक्ष भलतीकडेच. पोवई नाक्यावर संध्याकाळी उभी राहणारी तू, तुला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे काय होतं ते लिहीत नाही. कुठेही उपदेश नाही, कोणी बोट वर करून "बाळांनो" म्हणत नाही. चूक गाड्यांची कधीच नसते, ती आत बसलेल्या माणसांची असते, एवढं पोराला दिसतं आणि पुढची गोष्ट सुरू होते. सगळेच भाग तीन वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखे आहेत असं मात्र नाही. एकात बँकेवर दरोडा पडतो, तो चालेल. एकात झाँबी येतो, तो ओवी मोठी होईपर्यंत राहू दे.

तिसरी कोमानेको, ती ओवी जरा मोठी झाल्यावर. डोंगरातल्या घरात आजोबांजवळ राहणारी एक मांजरी. ती स्वतःच बाहुल्या शिवते, चित्रं काढून गोष्ट ठरवते, आणि कॅमेऱ्यासमोर त्या बाहुल्या हलवून फिल्म करते. म्हणजे फिल्म कशी करतात तेच फिल्ममध्ये. गोदा त्सुनेओची ही फिल्म २००६ मध्ये थिएटरात आली. इथेही म्याँवच्या पलीकडे बोलणं नाही. हिची डीव्हीडी मिळते, पण जपानची डीव्हीडी आपल्याकडच्या प्लेअरवर चालत नाही, रीजन वेगळा पडतो. येताना माझ्या लॅपटॉपवरच दाखवेन.

आणि इथे राहून आनपानमानबद्दल लिहिलं नाही तर अर्णव मला घरात घेणार नाही. गोड लाल चवळीसारख्या डाळीचं सारण भरलेला पाव हेच त्याचं डोकं, आणि भुकेल्याला तो स्वतःचा चेहरा तोडून खायला देतो. यानासे ताकाशींनी तो निर्माण केला. ते युद्धात चीनमध्ये सैनिक होते आणि उपासमार भोगून आले होते. १९८८ पासून हे टीव्हीवर चाललंय, यानासे २०१३ मध्ये गेले तरी चालूच आहे. कल्पना मला थोर वाटते. पण कार्यक्रम गडबडीचा, गाण्यांचा, ठोसे मारण्याचा, आणि भाग लांब. ओवीला निजायच्या आधी शांत करायला तो उपयोगाचा नाही.

वहिनीला एक सांग. १६ डिसेंबर १९९७ ला इथे पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपझप चमकला आणि साडेसहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून मुलांच्या कार्टूनच्या सुरुवातीला सूचना येते, की खोलीत उजेड ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसून बघा. आपल्याकडे पांघरुणात मोबाईल धरून बघतात, ते बंद करा. दादा टीव्हीला जोडून देईल. जेवताना तर अजिबात नको, कारण जेवताना लावलं की घास भरवणाऱ्याचंच तोंड बंद होतं आणि सगळी मजा जाते.

मोलकारचा पहिला भाग आधी तू एकटी बघून घे. मग ओवीला मांडीवर घेऊन एकच भाग, आवाज लहान, आणि बोलायचं तू. अ‍ॅम्ब्युलन्स अडकते तिथे थांबव आणि विचार, "आता हिने काय करावं?" ती काय म्हणते ते मला शब्दन्‌शब्द लिहून पाठव. अर्णवने काय सुचवलं ते मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तू तिला हळूच सुचवशील.

बाबांना नमस्कार, ओवीला पापा.

तुझी,
माई